सर्वसेनाची हरवलेली पोथी

आनंदवर्धनाच्या ‘ध्वन्यालोका’त एक जागा आहे. कथा कितीही जुनी, मानाची असली तरी रसाच्या आड येत असेल तर कवीनं ती खुशाल मोडावी, नवी रचावी, असं तो तिथे सांगतो. उदाहरणं तीन देतो. कालिदासाची काव्यं, सर्वसेनाचं ‘हरिविजय’ आणि त्याचं स्वतःचं ‘अर्जुनचरित’.

हे लिहिलं गेलं नवव्या शतकात, काश्मिरात. कालिदास आपल्यापर्यंत पोचला. आनंदवर्धनाचं स्वतःचं ‘अर्जुनचरित’ हरवलं. आणि ‘हरिविजय’ही हरवलं. तीन साक्षीदारांपैकी दोघांचा पत्ता नाही, नुसती नावं पुकारली जातायत.

यातला सर्वसेन आपल्या वऱ्हाडातला. वाशिमचा राजा. अकोल्याहून पातूर, मालेगाव करत एसटी जिथे पोचते, तेच हे वाशिम. १ जुलै १९९८ला वाशिम जिल्हा वेगळा झाला. तोवर ते अकोला जिल्ह्यात होतं, आणि त्याच्याही आधी, १९०५पर्यंत, इंग्रजांच्या कागदांत ‘बासिम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता. गावाचं जुनं नाव वत्सगुल्म. प्राकृतात ‘वत्स’चा ‘वच्छ’ होतो. आपल्या ‘वासरू’ या शब्दात हाच वत्स बसलेला आहे, वाशिमातही तोच. ‘कामसूत्रा’त वत्सगुल्मकांच्या चालीरीतींचा उल्लेख येतो आणि त्यावरचा टीकाकार सांगतो की वत्स आणि गुल्म नावाचे दोन राजपुत्र, सख्खे भाऊ, यांच्यावरून या मुलखाला नाव पडलं. वाशिमात विचारलं तर वत्स ऋषींची गोष्ट ऐकायला मिळेल. दोन्ही गोष्टी असू द्याव्यात. गावाला एकच जन्मकथा असते असं कुणी सांगितलंय?

ज्यांची पुस्तकं बुडाली पण नाव उरलं अशा लेखकांचा विषय निघाला की लोक ग्रीकांकडे बोट दाखवतात, आणि ते खरंच आहे. मेगॅस्थेनीस आपण शाळेत शिकलो. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला वकील, ‘इंडिका’चा कर्ता. शाळेत जे सांगत नाहीत ते हे, की ‘इंडिका’ नावाचं पुस्तक आज जगात कुठेही नाही. स्ट्राबो, डायोडोरस, एरियन अशा नंतरच्या लेखकांनी त्यातलं जे आपापल्या ग्रंथांत उतरवून घेतलं तेवढंच आहे. १८४६ साली श्वानबेक नावाच्या जर्मन पंडितानं ते तुकडे वेचून एकत्र छापले. मेगॅस्थेनिसाच्या मागून बिंदुसाराकडे आलेल्या डायमॅकसची गत आणखी वाईट. त्यानंही हिंदुस्थानावर लिहिलं होतं, पण त्याच्याबद्दल पहिल्यांदा जे कानावर येतं ते स्ट्राबोचं मत: हिंदुस्थानावर लिहिणारे सगळे थापाडे, त्यांत डायमॅकस पहिला आणि मेगॅस्थेनीस दुसरा. पुस्तक गेलं, शिवी उरली. पुढे फेलिक्स याकोबी यानं १९२३पासून अशा हरवलेल्या ग्रीक इतिहासकारांचे तुकडे गोळा करण्याचं काम जन्मभर केलं. त्याच्या यादीत आठशेवर नावं आहेत, प्रत्येकाला नंबर. मेगॅस्थेनीस ७१५.

आपल्याकडे अशी नंबरवारी यादी कुणी केली नाही. केली असती तर सर्वसेन तिच्यात बराच वर लागला असता.

सर्वसेन हा राजा होता हेच मुळात १९३९पर्यंत नीट कळलेलं नव्हतं. संस्कृत काव्यशास्त्र वाचणाऱ्यांना सर्वसेन नावाचा प्राकृत कवी माहीत होता, बस. कुठला, कधीचा, कोण, काही नाही. वाकाटक घराण्यावर काम करणाऱ्यांना नागपूरकडची, नंदिवर्धनची शाखा ठाऊक होती. पुराणात मात्र वाकाटक सम्राट प्रवरसेनाला चार मुलं होती आणि चौघेही राजे झाले असं म्हटलंय. मग बाकीचे कुठे गेले?

१९३९ साली वाशिमात चार पत्र्यांचा एक ताम्रपट उजेडात आला. यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि महाजन यांनी त्याचं वाचन पुढे आणलं, वासुदेव विष्णु मिराशींनी त्याचा कस लावला. दान देणारा राजा विंध्यशक्ती. तो स्वतःला ‘धर्ममहाराज’ म्हणवतो. बापाचं नाव सर्वसेन, आज्याचं नाव प्रवरसेन. ताम्रपट निघाला वत्सगुल्माहून. म्हणजे प्रवरसेनाच्या एका मुलानं वाशिमला गादी मांडली होती, आणि तो सर्वसेन. काळ चौथ्या शतकाचा मधला.

या ताम्रपटाची एक गंमत आहे. सुरुवातीची वंशावळ संस्कृतात आहे, आणि कामाचा मजकूर लागला की भाषा प्राकृत होते. आजोबा-पणजोबा सांगताना ठेवणीतली भाषा, आणि नांदेडकडच्या, म्हणजे ‘नंदिकडा’च्या उत्तर मार्गातलं गाव कुणाला दिलं, तिथे सरकारी माणसांनी काय काय मागायचं नाही हे सांगताना चालती भाषा. आजही लग्नपत्रिकेचा वरचा श्लोक संस्कृतात असतो आणि ‘आहेर स्वीकारले जाणार नाहीत’ हे मराठीत. सर्वसेनाच्या मुलाचं दफ्तर प्राकृतात चालत होतं हे इथे ध्यानात ठेवायचं, कारण बापाचं काव्यही प्राकृतातच होतं, महाराष्ट्री प्राकृतात.

ताम्रपट हाती आल्यावर मिराशी अजिंठ्याकडे वळले. सोळाव्या लेण्यातला शिलालेख हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं कोरवलेला आहे, आणि त्यात वाकाटकांची पिढीवार नावं आहेत. पण दगड झिजलेला. आधीच्या वाचकांच्या नजरेतून सर्वसेनाचं नाव निसटलं होतं. आता काय शोधायचं ते कळल्यावर तेच अक्षर बोलू लागलं. वाशिमच्या तांब्यानं अजिंठ्याचा दगड वाचायला मदत केली, असं म्हटलं तरी चालेल. पुढे १९६४मध्ये वाशिमजवळच्या हिस्से-बोराळ्याला आणखी एक लेख सापडला. त्यात याच शाखेतल्या देवसेनाच्या काळी बांधलेल्या ‘सुदर्शन’ नावाच्या तळ्याची नोंद आहे, आणि शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८, हे सालही.

आता राजा सर्वसेन आणि कवी सर्वसेन हे एकच कशावरून? मिराशींचा हिशेब असा: नाव एक, काळ जुळतो, भाषा जुळते, आणि या घराण्याला प्राकृत काव्याची हौस होतीच. नंदिवर्धन शाखेच्या दुसऱ्या प्रवरसेनानं ‘सेतुबंध’ लिहिलं आणि ते आजही आपल्याजवळ आहे. गाथासप्तशतीवरच्या टीकांमध्येही काही गाथा सर्वसेनाच्या नावावर आहेत. हा हिशेब अभ्यासकांना पटला. मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आणि काही काळ अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात होते. ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हे त्यांचं मराठी पुस्तक १९५७चं. वऱ्हाडातल्या कुठल्या तरी वाचनालयाच्या मागच्या कपाटात ते पिवळं पडत असेल. मिळालं तर जरूर घ्या. पंडिताचं पुस्तक आहे, पण वाचताना दम लागत नाही.

पोथी नसताना ‘हरिविजया’त काय होतं हे कळतं ते दुसऱ्यांच्या तोंडून. आणि सगळी मौज इथेच आहे, कारण प्रत्येक साक्षीदार आपल्या कामापुरतंच सांगतो.

आनंदवर्धनाला एक शब्द हवा होता. एकच शब्द सगळं कसं सूचित करतो हे दाखवायला त्यानं ‘हरिविजया’तलं एक कडवं उतरवलं. चैत्राची शोभा ही एक स्त्री. आंब्याचा कोवळा मोहोर तिनं कानावर माळलाय, सणाचा दिवस, हवेत मद्याचा वास. आणि कामदेवानं तिचं मुख धरलं, तिनं दिलेलं नसताना. आनंदवर्धन म्हणतो, बघा, ‘दिलेलं नसताना’ एवढ्यावरच कामदेवाची जबरदस्ती कळली, वेगळं सांगावं लागलं नाही. झालं, त्याचं काम संपलं. तो पुढच्या उदाहरणाकडे गेला. या कडव्याच्या आधी काय होतं, नंतर काय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण त्या एका शब्दाच्या नादानं पूर्ण कडवं वाचलं, आणि त्यावरून काव्यात वसंताचं वर्णन होतं हेही आपल्याला कळलं.

त्याच ग्रंथावर टीका लिहिणारा अभिनवगुप्त, साधारण इ. स. १०००च्या सुमाराचा, कथानक सांगून जातो. प्रियेची समजूत घालण्याचा भाग म्हणून पारिजात आणणं वगैरे सर्वसेनानं घातलं, आणि ते इतिहासग्रंथांत दिसत नाही, असं तो नोंदवतो. थोडं थांबून पाहावं अशी ही ओळ आहे. सत्यभामेच्या दारचा पारिजात आणि रुक्मिणीच्या अंगणातली फुलं, ही गोष्ट मराठी घरात सांगितली नाही असं घर नसेल. ती आपल्याला अनादी वाटते. आपल्याकडे चालत आलेल्या हरिवंशात ती मोठी सविस्तर आहेही. पण भांडारकर संस्थेनं हरिवंशाची चिकित्सक आवृत्ती केली तेव्हा संपादक प. ल. वैद्यांनी पारिजातहरणाचा तो लांबलचक भाग मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात टाकला, नंतरची भर म्हणून. अभिनवगुप्ताचं म्हणणं आणि हे परिशिष्ट शेजारी ठेवून पाहावं. बायकोच्या रुसव्यासाठी देवानं स्वर्गाशी वैर घेतलं, ही कल्पना घेऊन अख्खं काव्य उभं करणाऱ्या जुन्या कवींत एक वाशिमचा होता. मला याचं फार अप्रूप वाटतं.

‘वक्रोक्तिजीवित’ लिहिणाऱ्या कुंतकानं तर सर्वसेनाला थेट कालिदासाच्या पंगतीला बसवलंय. ‘सुकुमार’ म्हणजे नैसर्गिक नाजूकपणाचा जो काव्यमार्ग, त्याची नावं घेताना तो कालिदास आणि सर्वसेन अशी जोडी सांगतो.

मग येतो धारचा भोज राजा, अकराव्या शतकातला. ‘हरिविजया’चे सगळ्यांत जास्त तुकडे याच्याकडे आहेत. त्याच्या ‘सरस्वतीकंठाभरणा’त काही, आणि छत्तीस प्रकरणांच्या अवाढव्य ‘शृंगारप्रकाशा’त पुष्कळ. यातलं एक कडवं मला विशेष आवडतं. श्रीकृष्णानं पारिजाताची मंजिरी रुक्मिणीला दिली. अपमान सगळ्याच राण्यांचा सारखा झाला, पण रागावली एकटी सत्यभामा. का? तर प्रेमावर जितका भरवसा, तितका राग. राग म्हणजे मनाच्या आतलं वजन बाहेर आलेलं. गरुड नाही, इंद्र नाही, वज्र नाही, एका घरातली अनेक बायकांची बेरीज-वजाबाकी तेवढी आहे. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी राजवाड्यात बसून कुणाला तरी हे दिसलं.

पण भोजाचं पुस्तक शृंगारावरचं. त्याला रुसवे हवेत, मनधरण्या हव्यात, दूती हव्यात, पानगोष्ठी हवी. त्यानं तेच उचललं. म्हणून ‘हरिविजय’ म्हटलं की आपल्यापुढे रुसलेली सत्यभामा उभी राहते, आणि नावातला ‘विजय’ कुठे गेला कळत नाही. स्वर्गावरची चाल, युद्ध, हे काव्यात असलंच पाहिजे, पण भोजाला त्याची गरज कमी. समजा उद्या सगळी तुकारामगाथा बुडाली, आणि लग्नपत्रिकांवर, निरोपसमारंभाच्या फळ्यांवर लिहिलेल्या ओळी तेवढ्या उरल्या. पुढच्यांना तुकाराम कसा दिसेल? फार गोड दिसेल. मेगॅस्थेनिसाचंही तेच झालं. सोनं उकरणाऱ्या मुंग्या आणि नुसत्या वासावर जगणारी बिनतोंडाची माणसं लोकांनी हौसेनं उतरवून ठेवली. त्यानं केलेल्या कंटाळवाण्या नोंदी किती होत्या कुणास ठाऊक!

भोजाच्या तुकड्यांची दुसरी अडचण निराळी. ‘शृंगारप्रकाशा’च्या पोथ्या टिकल्या त्या दक्षिणेत. तिकडच्या लेखनिकांना संस्कृत उत्तम, प्राकृत परकं. त्यांनी अक्षराला अक्षर लावून उतरवलं, आणि कडव्यांचा पार चुरा झाला. शिवाय भोज कित्येकदा कडवं कुठलं तेही सांगत नाही. वे. राघवन यांनी ‘शृंगारप्रकाशा’चा डोंगर पेलला, आणि प्राकृतचे अभ्यासक व्ही. एम. कुलकर्णी यांनी काव्यशास्त्राच्या ग्रंथांतली ही मोडकी प्राकृत कडवी एकेक करून दुरुस्त केली. वृत्तात बसतंय का, दुसऱ्या ग्रंथात तेच कडवं बऱ्या अवस्थेत आहे का, सत्यभामा, रुक्मिणी, पारिजात यांपैकी कुणाचा धागा लागतोय का, असं बघत. फुटलेला रांजण जोडण्यासारखं काम. जुळलेल्या खापऱ्यांवरून तोंड किती रुंद होतं ते कळतं, पाणी नाही भरता येत.

हेमचंद्र शेवटचा मोठा साक्षीदार. गुजरातेत पाटणला, बाराव्या शतकात. हा माणूस गणिती स्वभावाचा. त्याला रुसव्याफुगव्यात रस नाही, बांधणीत आहे. तो सांगतो की ‘रावणविजय’, ‘हरिविजय’ आणि ‘सेतुबंध’ या काव्यांत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वृत्त असतं. मधेमधे जी ‘गलितक’ नावाची वेगळी कडवी दिसतात ती स्वतःला शहाणे समजणाऱ्या कुणीतरी मागून घुसडली, असं जाणकार म्हणतात. म्हणजे बाराव्या शतकात ‘हरिविजया’च्या पोथ्या लोकांच्या हातात होत्या, आणि त्यातलं अस्सल काय, नकली काय, यावर वाद चालला होता. (‘रावणविजय’ही आज नाही. हरवलेल्यांची यादी करायला बसलं की संपत नाही.)

त्यानंतर कधीतरी ‘हरिविजय’ लोकांच्या हातातून सुटलं. कुणी जाळलं नाही, बुडवलं नाही. ताडपत्र काही शतकं टिकतं. तेवढ्यात कुणी नवी प्रत केली तर पुस्तक पुढे जातं, नाही केली तर वाळवीचं. आणि प्राकृत काव्याची प्रत करायला प्राकृत कळणारा हवा, किंवा हाताशी टीका हवी. ‘सेतुबंधा’ला टीका मिळाल्या, अगदी अकबराच्या काळी रामदास नावाच्या टीकाकारानंही एक लिहिली. शिवाय ती रामकथा, आणि कालिदासाचा हात तिच्यावरून फिरलाय अशी वदंता. दोन वाकाटक राजांची दोन काव्यं, एकाला आधार मिळाला, दुसऱ्याला नाही.

आमच्या वऱ्हाडात याच्या अगदी उलटं उदाहरणही आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटानं चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ लिहिलं. गावोगाव हिंडून, ज्यानं पाहिलं-ऐकलं त्यालाच विचारून. इतिहासकाराचीच ही रीत. पुढे धाडीत मूळ ग्रंथ गेला. पण महानुभावांना तो तोंडपाठ होता, त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिला, म्हणून त्याचे अनेक पाठ झाले. तिथे पुस्तकामागे पंथ उभा होता. सर्वसेनामागे कोण? पाचशे वर्षांत वाकाटकांचं नाव घेणारंही उरलं नाही. गंमत म्हणजे १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहून या पंथाच्या पोथ्यांची वाट दाखवणारे य. खु. देशपांडे आणि वाशिमचा ताम्रपट पुढे आणणारे देशपांडे एकच. यवतमाळच्या या वकिलानं दोन्ही टोकं धरली होती.

वत्सगुल्माचं नाव मात्र कवींच्या दुनियेत बराच काळ फिरत राहिलं. राजशेखर, दहाव्या शतकाच्या तोंडाचा, ज्याचा पणजोबा ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणवला जाई, तो ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावतो. सगळा भारत हिंडून झाल्यावर लग्नासाठी गाव निवडतो विदर्भातलं वत्सगुल्म. कामदेवाचं क्रीडास्थान म्हणून. त्याच्याच ‘कर्पूरमंजरी’त काव्याच्या एका शैलीचं नाव ‘वच्छोमी’ आहे, म्हणजे चक्क ‘वाशिमी’. कनौजच्या दरबारात बसून तो हे लिहीत होता, तेव्हा त्याच्या मनात सर्वसेन असणारच, असं मला वाटतं. वाशिमात पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसलेल्या कुणाला हे लग्न सांगितलं तर तो म्हणेल, काहून बावा, आमच्या गावात? हो, तुमच्याच.

हरवलेली पोथी परत मिळत नाही असं मात्र नाही. सर्वसेनाला कालिदासाशेजारी बसवणाऱ्या कुंतकाचं ‘वक्रोक्तिजीवित’ स्वतःच हरवलेलं होतं. ते छापलं गेलं १९२३ साली, तोवर तेही इतरांच्या अवतरणांतून ओळखलं जाई. साक्षीदारच बेपत्ता होता, तो परतला. कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूरला पुढे आलं. जैसलमेर, पाटणच्या ग्रंथभांडारांत प्राकृत पोथ्यांचे ढीग आहेत, आणि पहिलं-शेवटचं पान गळालेली, नाव नसलेली पोथी ही तिथे नवलाची गोष्ट नाही.

तशी एखादी हाती आलीच तर ओळखायची कशी, हेही हेमचंद्रानं लिहून ठेवलंय. अभंगाच्या शेवटी जशी ‘तुका म्हणे’ ही मुद्रा असते, तसा प्राकृत महाकाव्यांत प्रत्येक प्रकरणाच्या, म्हणजे आश्वासकाच्या, शेवटी कवीचा एक ठरलेला शब्द असे. प्रवरसेनाचा शब्द ‘अनुराग’. सर्वसेनाचा ‘उत्साह’. हेमचंद्रावर किती विश्वास ठेवायचा ते तपासता येतं, कारण ‘सेतुबंध’ आपल्यापाशी आहे. त्याच्या पंधरा आश्वासकांच्या शेवटी बघा, ‘अनुराग’ आहे. तेव्हा बिननावाच्या प्राकृत पोथीत कृष्णाची कथा दिसली, सत्यभामा रुसलेली दिसली, तर आधी प्रकरणाचं शेवटचं कडवं काढायचं आणि त्यात ‘उच्छाह’ हा शब्द आहे का ते बघायचं.